सहाव्या मिनिटाचा बिघाड

घड्याळजीने राउटर कपाटावरून उतरवला आणि खिडकीत नेऊन ठेवला. महिन्याभरात त्याची ही पाचवी जागा. घरातल्या माणसांपेक्षा या डबीलाच जास्त हवापालट मिळतोय, असं त्याच्याकडेच राहणारी त्याची बहीण, ताई, म्हणून गेली होती. पासवर्ड बदलून झाला, वायर बदलून झाली, कॉलच्या वेळी मायक्रोवेव्ह लावायला ताईला बंदी झाली. तरी सलग तीन रविवार लेकीचा फोन मध्येच तुटला.

नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा ठरलं होतं, दर रविवारी चार ते साडेचार, व्हिडिओवर. आठवड्यातला तेवढाच अर्धा तास त्याच्या वाट्याला आला होता. आणि काल पोरीच्या आईचा निरोप आला, नेट धड नसेल तर महिन्यातून एकदाच बोला, पोर हिरमुसते. तो वाचून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर त्याने बंद पडलेली घड्याळं चालू केली होती. बिघाड म्हटला की तो कुठल्या तरी भागातच असणार, ही त्याची पक्की समजूत.

मिनतवाऱ्या केल्यावर तीनच्या सुमाराला वायफायवाला आला. लॅपटॉप जोडून त्याने राउटरमधली नोंद उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली.

“काका, महिन्याभरात तुमची लाइन एकदाही पडलेली नाही.”

“मग फोन तुटतो कसा?”

“तिकडून फोन ठेवत असेल कोणीतरी.”

घड्याळजीचं डोकंच फिरलं. तिची आई, दुसरं कोण! पुरावाच हवा म्हणून त्याने मोबाइलमधले कॉल काढून दाखवले. सहा मिनिटं, सहा, पुन्हा सहा. सहाव्या मिनिटाला असं काय बोलणं निघतं, असं वायफायवाल्याने सहज विचारलं.

घड्याळजी सांगायला लागला. शाळा होते, पडलेला दात होतो, मैत्रिणी होतात, मग तो विचारतो, बाबाची आठवण येते का? एवढं बोलून तो थांबला. दर वेळी फोन याच प्रश्नावर तुटला होता. वायफायवाल्याने गुपचूप सामान आवरलं आणि दार ओढून घेतलं.

चार वाजता फोन वाजला. आठ वर्षांची पोर पडद्यावर आली, आईच्या खोलीपासून लांब, एकटीच. शाळा झाली, दात झाला, मैत्रिणी झाल्या. पुढचा प्रश्न त्याच्या जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. पोर खाली मान घालून बसली होती. त्या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखी, अवघडून.

“आमचं नेट गडबड करतंय बहुतेक,” तो म्हणाला. “ठेवायचा का फोन?”

पोर कावरीबावरी झाली.

“बाबा, आज मी काही नाही केलं.”

त्याने मोबाइल आणखी जवळ धरला.

“माहितेय मला,” तो कसाबसा म्हणाला.

सहावं मिनिट उलटून गेलं. फोन कोणीच ठेवला नाही.