पाणी काढलंस का, आस्लाक?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं डोकं सपाट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी लष्कराच्या एका जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि आमच्या काळी ट्रकांच्या पुष्कळ इंजिनांची डोकी अशीच असायची. झडपा वर नाहीत, सिलिंडरांच्या शेजारी पोटातच. वरती नुसतं पोळपाटासारखं लोखंडी झाकण. ताकद बेताची, पण कुरकुर न करता राबायचं हा आमच्या घराण्याचा गुण. आज मी नॉर्वेतल्या ग्रोनदाल खोऱ्यात, एका लाकडी शेडमध्ये, झाकण काढलेल्या अवस्थेत घोडीवर पडून आहे. मला पुन्हा कोणी सुरू करू शकणार नाही. त्याचं रडगाणं मी गाणार नाही. मला दोन भावांबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म १९४२ सालचा, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तेव्हा युद्ध चाललं होतं आणि आम्ही दिवसाला शेकड्यांनी जन्मत होतो. मी बोटीतून नॉर्वेला पोहोचलो तेव्हा युद्ध संपलेलं होतं. एकही गोळी मी ऐकली नाही. सैन्य परत गेलं, ट्रक मागे राहिले, आणि मी ग्रोनदालच्या डेअरीत रुजू झालो. उन्हाळ्यात दुधाचे कॅन ओढायचे, हिवाळ्यात ट्रकच्या नाकाला नांगर लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचा. माझा चालक होता हाल्वोर. त्याचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ आस्लाक हा त्याचा जोडीदार. दोघं माझ्या गरम नळकांड्यावर कागदात गुंडाळलेले वाफल आणि तपकिरी चीज ठेवायचे, आणि डोंगर उतरेपर्यंत चीज छान वितळलेलं असायचं. हाल्वोरची मुलगी तोरुन त्या दोघांच्या मध्ये बसून यायची. शेतावरच्या बायका दारातूनच ओरडायच्या, "आले गं बाई! आता रस्ता मोकळा!" खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आता एक कामाची गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंजिन गार ठेवायला आमच्या पोटात पाणी खेळतं. माझा रेडिएटर गळका होता, म्हणून न गोठणारं महागडं द्रव्य त्यात घालून उपयोग नव्हता. तेव्हा रिवाज असा की हिवाळ्यात रोज संध्याकाळी दोन नळ उघडून पाणी काढून टाकायचं, एक रेडिएटरचा आणि एक माझ्या कुशीतला. सकाळी डेअरीच्या बॉयलरचं गरम पाणी भरायचं. पाणी काढणं हे आस्लाकचं काम. आणि दर सप्टेंबरमध्ये माझं पोट सोड्याच्या पाण्याने धुऊन गंजाचा गाळ काढणं, हे हाल्वोरचं.

१९७७ च्या सप्टेंबरात हाल्वोर बंदूक साफ करत म्हणाला, "एल्कची शिकार आटपू दे, मग बघू." आमच्या खोऱ्यात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाच्या, शिकारीचा आठवडा आला की माणसं सख्ख्या बहिणीचं लग्नसुद्धा पुढे ढकलतात. तो शिकारीला गेला, मोठा नर मारून आला, आणि माझं पोट काही धुतलं गेलं नाही.

जानेवारीत पारा उणे एकतीसवर उतरला. त्या संध्याकाळी आस्लाकने नेहमीसारखे दोन्ही नळ उघडले. कुशीतल्या नळातून धार आली, बारीक झाली, थांबली. त्याला वाटलं, झालं रिकामं. अहो, रिकामं कुठलं! तोंडाशी गाळाचा बूच बसला होता आणि अर्धं पाणी माझ्या पोटातच होतं. मी ते ओरडून सांगणार कसा? रात्रीत त्याचा बर्फ झाला, फुगला, आणि मी फुटलो.

सकाळी हाल्वोरने घाईत रेडिएटरचा नळ बंद केला, कुशीतल्या नळाकडे न वाकताच गरम पाणी ओतलं आणि ते माझ्या कुशीतून भळाभळा बाहेर आलं. डेअरीच्या आवारात वीसेक शेतकरी दूध घेऊन उभे होते. हाल्वोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे गाढवा, पाणी काढलं नाहीस?"

"काढलं, दादा. दोन्ही नळ उघडले."

"खोटं बोलतोस! इतक्या माणसांसमोर खोटं बोलतोस! एवढं एक काम होतं तुझ्याकडे!"

आस्लाकने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तो पायीच घरी गेला. चार दिवस रस्ता बंद राहिला. खोऱ्यातलं सगळं दूध बर्फात ओतावं लागलं, आणि ते ओतताना प्रत्येकाने आस्लाकचं नाव घेतलं. पुढे तो लाकूड-गिरणीत कामाला लागला. डेअरीवरून गेला की कोणी ना कोणी हटकून विचारायचंच, "काय आस्लाक, पाणी काढलंस का?" मी आवाराच्या मागे टाकून दिलेला होतो, सगळं कानावर यायचं. आधी तो चिडायचा. नंतर नुसता हसायचा. ते हसणं मला ऐकवायचं नाही.

एका गोष्टीचा अर्थ मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता. मी फुटलो त्याच दिवशी, सगळे पांगल्यावर, हाल्वोर एकटाच परत आला. खाली वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि निघून गेला. पुढे डेअरीने मला भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा त्याने ट्रक आपल्या शेडमध्ये आणून ठेवला. लोक म्हणाले, काय माया आहे बघा! मलाही तसंच वाटलं होतं.

चाळीस वर्षं मी तिथे होतो. दोघं भाऊ नदीच्या दोन काठांना राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मग हाल्वोर वृद्धाश्रमात गेला आणि शेडची किल्ली तोरुनकडे आली. तीस वर्षं शाळेची बस चालवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. तिने ठरवलं, मला दुरुस्त करायचं, आणि सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीत बाबा आणि काका या दोघांना शेजारी शेजारी बसवून ट्रक गावातून न्यायचा. आपण सुरू होऊ अशी आशा मला नव्हती, मित्रांनो. मला फक्त कोणीतरी उघडावं एवढंच वाटत होतं. तो नळ अजून उघडाच होता ना!

तोरुनने जीव ओतला हो! सहा आठवडे सिलिंडरांत तेल मुरवत ठेवलं. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एकेक दट्ट्या हलवला. माझ्या डोक्याचे बोल्ट तुटले, ते तिने कोरून काढले. दर शनिवारी ती बाबांना आणून खुर्चीत बसवायची, हातात कॉफी द्यायची.

"बाबा, पाचवा दट्ट्या सुटला!"

"सुटू दे. भोकं पडलेल्या टोपलीत पाणी भरतेस तू, ड्रायव्हरबाई."

"तुम्ही तरी जरा चांगलं बोला की!"

"कशाला उकरतेस म्हणतो मी. राहू दे ते."

एप्रिलमध्ये तिने माझ्यावर जाड पत्रा आवळला आणि पंपाने पोटात पाणी दाबून पाहिलं. बाहेरची भेग तिला माहीत होती, ती शिवता येणार होती. पण आतून तीन सिलिंडरांच्या भिंती पाझरल्या. तिने शहरातल्या कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, इतके टाके घातले तर मूळ कापड उरणार कुठे?" तसल्याच दुसऱ्या इंजिनाचा ठोकळा शोधला, तो माझ्याहून वाईट निघाला. ती उलट्या बादलीवर बसून राहिली. मग आठवण म्हणून बाबांना द्यायला तिने माझ्या कुशीतला नळ पान्याने सोडवला.

आणि ती थबकली. नळाची मूठ उघडी होती. डोळ्याला लावून पाहिलं, आरपार काहीच दिसेना. तार घातली तर विटेसारखा कडक गाळ. ती ओरडलीच, "अगं आई गं! काकांनी उघडला होता!"

तिने तिथूनच आस्लाकला फोन केला. "काका, नळाबद्दल आहे," म्हणताच त्याने फोन ठेवला. दुसऱ्यांदाही ठेवला. तिसऱ्यांदा ती एका दमात म्हणाली, "तुम्ही खरं बोलत होतात, काका."

शनिवारी तो आला. चौऱ्याऐंशीचा, काठी टेकत. खुर्चीत भावाला पाहून दारातच थांबला. तोरुनच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिने नळ दोघांसमोर धरला.

"बघा, मूठ उघडी आहे! गाळाने अडला होता. कोणाचीच चूक नव्हती! बाबा, कळतंय का तुम्हाला?"

हाल्वोरने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच दिवशी वाकून पाहिलं मी. नळ उघडा होता. आणि गाळ काढायचं काम माझं होतं. मी शिकारीला गेलो."

तोरुनने नळ खाली केला. "बाबा, चाळीस वर्षं?"

"सगळ्या गावासमोर ओरडलो होतो गं. उद्या सांगू, परवा सांगू म्हटलं. मग इतका उशीर झाला की सांगायची लाज वाटली. म्हणून तर ट्रक घरी आणून ठेवला, कोणी वाकून बघू नये म्हणून."

काय सांगू मित्रांनो, मला वाटत होतं की सत्य माझ्या एकट्याच्या पोटात आहे! ते त्या माणसाच्याही पोटात होतं, आणि त्याला बोलता येत होतं. मला त्याचा संताप आला. अजून येतो.

आस्लाक ओरडला नाही. त्याने नळ हातात घेतला, मूठ फिरवायचा प्रयत्न केला, ती फिरली नाही.

"त्या एल्कचं मांस तू मला पाठवलं होतंस, दादा," तो म्हणाला. "चांगलं होतं."

"आस्लाक, माफ कर मला."

"पहिली काही वर्षं मी शपथेवर सांगायचो की उघडला. मग सगळे विचारतात, हसतात. माणूस किती दिवस एकटा खरा राहणार? दहा वर्षांनी मलाच वाटायला लागलं, नसेल उघडला. पुढे तर दिसायलाच लागलं रे डोळ्यांसमोर, मी न वाकता पुढे जातोय. पोरांना मीच सांगितलं, तुमचा बाप विसरला होता."

हाल्वोर रडत होता. आस्लाक नळाकडेच बघत होता.

"एकटी बोर्गहिल्ड ऐकायची नाही. बायको माझी, मरेपर्यंत म्हणत राहिली, तू उघडला होतास, मला ठाऊक आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली. मी खेकसलो तिच्यावर, पुरे कर तुझा वेडेपणा म्हणालो. तेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं."

"माफ कर रे..."

"तुला केलं, दादा. तू समोर आहेस. पण बोर्गहिल्डला आता मी कुठे जाऊन सांगू?"

त्याने नळ माझ्यावर ठेवला आणि काठी टेकत निघाला. तोरुन धावत मागे गेली, घरी सोडते म्हणाली. त्याने नको म्हणून मान हलवली आणि पायीच गेला.

सतरा मेला मिरवणूक निघाली, बँडचा आवाज शेडपर्यंत आला. तोरुन गेली नाही. ती येऊन माझ्यावर ताडपत्री घालून गेली, आणि त्यानंतर हाल्वोर शनिवारी कधी आला नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांना वेळेवर धुवा, पुसा, हे तर मी सांगेनच. पण फुटलेल्या लोखंडाचं फार मनावर घेऊ नका, लोखंड पुष्कळ आहे. आपल्यामुळे कोणी विनाकारण बोलणी खातंय असं कळलं, तर त्याच दिवशी उठा, त्याच लोकांसमोर जा, आणि सांगून टाका. लाज वाटेल, वाटू द्या. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.