नमुन्याची भिंत

मित्रांनो, मी एक भिंत आहे. जुनी आहे, कच्च्या मातीची आहे आणि एकटी आहे. भिंत म्हटली की तिला लागून दुसरी भिंत असते, वर छप्पर असतं, मध्ये एखादी खिडकी असते. माझं तसं काहीच नाही. वाचनालयाच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी मी नुसती उभी आहे. पाच फूट लांब, माणसाच्या खांद्याएवढी उंच आणि दीड फूट जाड. नवखी माणसं मला बघून विचारतात, "हे काय, काम अर्धवटच राहिलं वाटतं?"

अर्धवट नाही हो! मला एवढीच बांधायची होती. मी नमुन्याची भिंत आहे.

हे वाचनालय बांधायचं ठरलं तेव्हा पायासाठी चर खणले गेले. त्यातून निघालेली माती लांब कुठेतरी नेऊन टाकायची तयारी चालली होती. तेवढ्यात बांधकामाची इंजिनीअर पुढे आली. नुकतीच शिकून आलेली मुलगी ती. म्हणाली, "ही माती टाकू नका. भिंती हिच्याच बांधू."

वाचनालयाच्या समितीतले सगळे हसले. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

"कच्च्या मातीच्या? भाजलेल्या विटासुद्धा नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. भट्टीचा धूर नको, सिमेंट नको. इथलीच माती आणि इथलीच माणसं."

"आणि पाऊस?"

"आधी एक नमुन्याची भिंत बांधते. अख्खा पावसाळा ती उघड्यावर राहू दे. टिकली तर वाचनालय मातीचं. ढासळली तर तुम्ही म्हणाल तसं."

अशी माझ्या जन्माची गोष्ट. त्या मुलीने माझी माती चाळली. पाण्याच्या बाटलीत घालून हलवली आणि खाली रेती किती बसते, वर चिकणमाती किती राहते ते पाहिलं. थोडी खडी, थोडी वाळू मिसळली. ओलसर मातीचा गोळा वळून छातीच्या उंचीवरून खाली सोडला. तो पाच-सहा तुकड्यांत फुटला, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाणी योग्य पडलं होतं. मग गुडघाभर उंचीचं, थोडं रुंद दगडी जोतं बांधून त्यावर लाकडी फळ्यांचा साचा उभा केला. वीतभर माती टाकायची आणि धुम्मसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, ठोकायची. आधी आवाज नुसता धप् धप् यायचा. माती घट्ट बसली की तो टणक व्हायचा, आणि मग वरचा थर. शेवटी डोक्यावर पुढे आलेल्या फरशीची टोपी बसवली.

साचा काढला तेव्हा माझ्या अंगावर तांबूस, पिवळसर, करडे पट्टे दिसले. त्या दिवशी प्रत्येकाने माझ्यावरून हात फिरवला. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

एक माणूस मात्र जवळ आला नाही. तो मुलीचा बाप होता. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गावातली निम्मी सिमेंटची घरं त्यांच्या हातची. हात पाठीमागे बांधून ते रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि मुलगी समोर आल्यावर म्हणाले, "मातीतून बाहेर पडायला माझा जन्म गेला. तुला शिकवलं ते सगळं मातीत घालायला?"

मुलगी वळून साच्याच्या फळ्या रचू लागली. बापलेकीचं एरवीही फार बोलणं नसायचं.

पावसाळा सुरू झाला. माझ्या अंगात तिने खिळे ठोकले होते, डोकी अगदी माझ्या पृष्ठभागाच्या पातळीत. माती किती झिजते ते त्यांवरून कळणार होतं. तिच्याइतकीच मलाही धास्ती होती.

महिनाभराने एका दुपारी मिस्त्री आले. हातात बादली होती. टाकीतून बादली भरायची आणि पाणी माझ्या पायथ्याशी जोराने मारायचं, असं त्यांनी सुरू केलं. दहा झाल्या, पंधरा झाल्या. त्यांना धाप लागली.

"पड," ते मला म्हणाले. "पडायचं तर आत्ता पड. लोक आत येऊन बसल्यावर नको."

मुलगी मागे येऊन उभी होती. ती रागावली नाही. तिने त्यांच्या हातातली बादली काढून घेतली आणि विचारलं, "बाबा, काय झालं होतं?"

मिस्त्री माझ्या जोत्यावर बसले. जे सांगायचं ते त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या मातीच्या घराची भिंत पावसात कोसळली. भिंतीकडेला धाकटा भाऊ झोपला होता. चार वर्षांचा. तो गेला.

मुलगी बादली बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी टेकली. मग मुलीने हळूच विचारलं, "त्या भिंतीखाली दगडी जोतं होतं का?"

"होतं की. चांगलं होतं. आज्याच्या वेळचं घर, साठ वर्षं काही झालं नव्हतं."

"मग त्या वर्षी काही बदल केला होता?"

मिस्त्री आठवून म्हणाले, "आमच्या बाबांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. घर पक्कं दिसावं म्हणून. काय झोकात दिसायचं!"

मुलीने डोळे मिटले. तिला सांगावंसं वाटत नव्हतं, पण खोटंही बोलवेना. "बाबा, मातीची भिंत ओल घेते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्याला कुठेतरी तडा जातो, पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. भिंत आतल्या आत मऊ होते. बाहेरून कळतसुद्धा नाही."

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा माणूसच ढासळतो. पण ते उठले आणि घरी गेले.

मी टिकले, मित्रांनो. पावसाळा संपला तेव्हा खिळ्यांची डोकी तांदळाच्या दाण्याइतकीच बाहेर आली होती. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून एकेक खिळा तपासला आणि म्हणाल्या, "पास!" मग वाचनालय उभं राहिलं. मिस्त्रींनी स्वतः धुम्मस हातात घेतलं. उद्घाटनाला लोक आत शिरले, गार भिंतींना पाठ लावून बसले आणि वा वा करू लागले. माझ्याकडे कोणी आलं नाही. माझं काम संपलं होतं. काही दिवसांनी मुलीला दूरच्या गावी शाळा बांधायला बोलावणं आलं आणि तीही गेली.

मी आत डोकावू शकत नाही. आत पानं उलटली जातात, खुर्च्या सरकतात, कोणीतरी खोकतं, एवढं ऐकू येतं. पलीकडे माझ्याच मातीच्या भिंती आहेत, एकाच चरातून निघालेल्या. त्यांना माणसांची ऊब मिळते. माझ्याकडे टाकीचं झाकण लावायला दिवसातून एकदा शिपाई येतो.

मग एके संध्याकाळी मिस्त्री आले आणि जोत्यावर बसले. भिंतींना कान असतात म्हणतात ते खरं आहे. ते मला म्हणाले, "सतरा घरं आहेत. मातीची. सगळ्यांना सिमेंटचा गिलावा मी केला. पक्कं करून देतो म्हणालो."

दुसऱ्या दिवसापासून ते छिन्नी-हातोडा घेऊन दारोदार हिंडू लागले. गिलावा फोडायचा, आतली माती वाळू द्यायची आणि वर मातीचाच लेप द्यायचा. लोक त्यांना वेड्यात काढायचे. "मिस्त्री, हा गिलावा तुम्हीच केला होतात ना? आता तुम्हीच फोडायला आलात?"

"मीच केला होता. म्हणून तर आलो," ते म्हणायचे.

कोणी दार लावून घ्यायचं, कोणी दहा वेळा फेऱ्या मारायला लावायचं. संध्याकाळी केसांत सिमेंटची भुकटी घेऊन ते माझ्याकडे यायचे आणि कुठे काय झालं ते सांगायचे. मध्येच मुलीचा फोन यायचा. "जेवलो," ते म्हणायचे. "बरा आहे. नाही गं, काही विशेष नाही." मग फोन खिशात ठेवून पुन्हा माझ्याशी बोलायला लागायचे. मला वाटायचं, अहो, हे तिला सांगा! पण मला तोंड कुठे आहे?

यात चार वर्षं गेली. शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्या काही केल्या ऐकत नव्हत्या. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "फोडा एकदाचा, पण घाण तुम्हीच काढायची." मिस्त्रींनी गिलाव्याचा पहिला पोपडा काढला आणि आतली माती कालवलेल्या पिठासारखी त्यांच्या हातात आली. त्या भिंतीला टेकून बाईंची खाट होती. दोन महिने खपून त्यांनी ती भिंत सावरली.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा पाय ओढत चालत होते. "सतरावं झालं," एवढंच बोलले. मला पाठ टेकून अंधार पडेपर्यंत बसले. त्यानंतर ते आले नाहीत.

मी वाट पाहिली. वाट पाहण्यावाचून भिंत दुसरं काय करणार? मग एक दिवस त्यांची मुलगी आली. सोबत शिवणकामवाल्या बाई होत्या. मिस्त्री आता नाहीत, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. बाईंनी सतरा घरांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "रोज इथे येऊन बसायचे, शिपाई सांगतो. तुला नव्हतं माहीत?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. "मी रोज फोन करत होते हो," ती म्हणाली. "रोज म्हणायचे, काही विशेष नाही." मग तिने माझ्या अंगावर तळहात ठेवला आणि तो कितीतरी वेळ काढलाच नाही. चार वर्षांचं सगळं बोलणं माझ्यापाशी होतं, आणि त्यातला एक शब्दही मला तिला देता आला नाही. ती दुसऱ्या दिवशी कामावर परत गेली.

मित्रांनो, कुठे मातीचं घर असेल तर त्याला सिमेंटने लिंपू नका. त्याच्या पायाशी पाणी साचू देऊ नका, डोक्यावरचं छप्पर गळू देऊ नका. एवढं केलंत तर ते तुमच्या नातवंडांनाही गारवा देईल.

आणि दुसरं मागणं घराचं नाही. तुमच्या घरातलं एखादं माणूस फोनवर "काही विशेष नाही" म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका. थोडं थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.