तेहतिसावी चटई

"मावशी, उठो ना, गिराक देख रहे," दुकानदार म्हणाला.

जयवंताबाई उठली नाही. आदिलाबादच्या त्या दुकानातल्या गार फरशीवर चटई टाकून ती डोळे मिटून पडली होती. बोथच्या शाळेत अकरा वर्षं ती पोरांचं जेवण रांधत होती, आणि दर डिसेंबरात मुलींच्या शिबिरालाही तीच जायची. जंगलातली जमीन रात्री कशी असते, हे त्या दुकानात फक्त तिलाच ठाऊक होतं.

शाळेतल्या शुभांगी मॅडम शिबिरासाठी हवा भरायच्या गाद्या चाचपत होत्या. "याच घेऊ. मऊ आहेत."

"नाई मॅडम. हवेची गादी आंगाखाली गारच ऱ्हाते. अन् एक काटा घुसला का पोरगी जमिनीवर." जयवंताबाई कुशीवर वळली. "वरची थंडी घोंगडीनं जाते, खालची हाडात शिरते. हे फोमचं घ्या. पाठ गरम धरते."

फोमची चटई निम्म्या किमतीत होती. तीस मुली आणि दोन मॅडम, सगळ्यांच्या चटया शाळेच्या पैशात बसल्या, वर एक आली.

"ही तुम्हाला," शुभांगी मॅडम म्हणाल्या. तिच्या कमरेचं दुखणं त्यांना माहीत होतं. परतताना ती गुंडाळी बसमध्ये जयवंताबाईच्या मांडीवरच होती.

शिबिर धबधब्याजवळच्या माळावर लागलं. पहिल्या संध्याकाळी मुख्याध्यापक सुधाकरराव जीपनं आले. गाण्यांसाठी भाड्यानं आणलेला स्पीकर त्यांना गवतात दिसला.

"अरे, दवात भिजेल हा! खाली काहीतरी टाका." इकडंतिकडं बघत त्यांनी चुलीजवळची गुंडाळी स्वतःच उचलली.

"सर, ते माही हाये."

"तुम्हाला कशाला? तुम्हाला सवय आहे."

"सवय नाई सर. कंबर धरते माही."

"दोन रात्रींचा तर प्रश्न आहे, जयवंताबाई."

तिनं शुभांगी मॅडमकडं पाहिलं. मॅडम ताटं मोजू लागल्या.

तिनं तांदळाचं रिकामं पोतं अंथरलं. उजाडलं तेव्हा तिला उठता येईना. आधी कुशीवर, मग चुलीचा दगड धरून गुडघ्यांवर. पुढं बसूनच तिनं उपम्याला फोडणी दिली.

ताट घ्यायला आलेली रुपा म्हणाली, "मावशी, रातभर मले थंडीच नाई वाजली!"

"बरं झालं माय," ती म्हणाली.

प्रार्थनेनंतर सुधाकरराव बोलायला उभे राहिले. "इतक्या कमी पैशात इतक्या उबदार चटया निवडल्या, त्याबद्दल शुभांगी मॅडमचं अभिनंदन!"

टाळ्या झाल्या. जयवंताबाईनंही हात उचलले, पण रात्रीच्या गारठ्यानं आखडलेली बोटं उघडेनात. तिनं ती उपम्याच्या वाफेवर धरली, चोळली. सगळं शांत झाल्यावर तिची टाळी वाजली, एकटीच.

मुली वळून खदखदून हसल्या. शुभांगी मॅडमही हसल्या.