खडूची फुली

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅटर्न आहे आणि मी रागावलेलो आहे. मला ओल्या वाळूत दाबून उचलतात, माझ्या आकाराचा पोकळ ठसा राहतो आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. झाली पंपाची बॉडी तयार.

मला दोघांनी मिळून घडवलं. एक लोखंड ओतणारा भट्टीवाला, दुसरा पंप जोडणारा पंपवाला. दोघांचे कारखाने एकाच गल्लीत, समोरासमोर. बॉडीत काही खटकलं की पंपवाला रस्ता ओलांडून यायचा आणि चुकीच्या जागी माझ्या अंगावर खडूने फुली मारायचा.

"डोळे कुठे ठेवले होतेस रे?"

"तुझा पंपच बेढब, त्याला मी काय करू?" भट्टीवाला म्हणायचा. मग दोघे एका बाकावर बसून मला तासायचे, कुठे खळग्यात लांबीचा लगदा भरायचे. असं भांडता भांडता त्यांनी पंपाचं वजन निम्म्यावर आणलं. तितका हलका पंप दुसऱ्या कुणाकडे नव्हता. अंगभर फुल्या मिरवताना माझी छाती फुगायची.

पुढे पंपवाल्याची लेक भट्टीवाल्याच्या घरी सून म्हणून आली. दोस्तांचे व्याही झाले आणि माझं नशीब फुटलं. अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. बाकावर गादी आली, तिच्यावर बसून फक्त चहा होऊ लागला.

त्याच सुमारास ओल लागून माझा काठ एका बाजूने फुगला. बॉडीवर झाकण नीट बसेना. पंपवाल्याला ते पहिल्याच दिवशी कळलं. पण व्याह्यांच्या कामात खोट काढायची कशी? लेक त्या घरात नांदते! त्याने दार लावून घेतलं आणि एकेका बॉडीचा काठ कानशीने घासत बसला. व्याही समोर आले की म्हणायचा, "काम अगदी फर्स्टक्लास हो." मला तोंड असतं तर तिथल्या तिथे त्याची खरडपट्टी काढली असती.

दोन वर्षं हेच चाललं. त्या दोन वर्षांत दोघांनी मिळून एक नवा स्क्रूसुद्धा लावला नाही. मग तीनशे पंपांची ऑर्डर आली. पंपवाल्याचे हात सुजले, शेवटचे शंभर पंप न घासताच गेले आणि ते सगळे गळले. गिऱ्हाईकाने माल परत पाठवला. महिन्याभरात चांगले पंप द्या, नाहीतर संबंध संपला, असा निरोप आला.

लेक बापाच्या कारखान्यात धावली. कोपऱ्यात लोखंडाच्या किसाचा ढीग होता, बापाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं, त्याला मनगट धरून रस्त्याच्या या बाजूला आणलं, मला फळीवरून काढलं आणि दोघांच्या देखत माझ्या काठावर फुली मारली.

"केव्हापासून?" सासऱ्याने विचारलं.

"माझ्या लग्नापासून."

"आणि तुम्ही मला फर्स्टक्लास म्हणत होतात?" त्याचा आवाज चढला.

"पोरीला कुणी बोल लावू नये म्हणून," पंपवाला पुटपुटला.

"मला कोण बोल लावणार होतं, बाबा?" लेक म्हणाली. "एकदा मला विचारायचं तरी."

भट्टीवाल्याने बाकावरची गादी उचलून कोपऱ्यात भिरकावली. "बस इथे, गाढवा," तो म्हणाला. "पटाशी घे."

मित्रांनो, माझा काठ आता सरळ आहे. गिऱ्हाईक थांबेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. मला पुसून ठेवा, ओलीपासून जपा, हे तर सांगतोच. पण जवळच्या माणसाची चूक दिसली तर आधी खडू उचला आणि त्याच्यासमोर उचला. दोन वर्षं रस्त्यापलीकडून कानशीचा आवाज मला रोज ऐकू येत होता. भट्टीवाल्यालाही येत होता. त्यानेही कधी विचारलं नाही.