चिमणीच्या उडीखालचा दांडा

मला पाहून तुम्हाला वाटेल, हा कुणीतरी टाकून दिलेला बांबू असावा. मित्रांनो, बांबू म्हणू नका, फार लागते मनाला! मी घोड्यांना उडी शिकवणारा एक जुना लाकडी दांडा आहे. अंगावरचे लाल-पांढरे पट्टे आता नीट ओळखू येत नाहीत, तो भाग वेगळा.

सुताराने मला रंधा मारून गोल गुळगुळीत केले, रंगाऱ्याने पट्टे ओढले आणि मी घोडेस्वारीच्या शाळेत आलो. तिथल्या रिंगणात दोन खांब होते. खांबांच्या उथळ खोबण्यांत माझी टोके नुसती टेकवून ठेवत. घोड्याचा पाय लागला की मी धाडकन खाली! सुरुवातीला याची मला फार लाज वाटायची. नवा कोरा मी, आणि दिवसातून वीसदा मातीत तोंड घालायचे. एकदा शाळेचे उस्ताद मला उचलताना आपल्या मुलीला म्हणाले, "हा पडतो ना, म्हणून घोड्याचे पाय शाबूत राहतात." त्या दिवसापासून मी छाती पुढे काढून पडू लागलो.

उस्तादांच्या मुलीला सगळे ताई म्हणत. तिची एक तरुण घोडी होती, आईवेगळी. ताईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. वाऱ्याने पान हलले तरी ती फुर्रकन बाजूला उडे, म्हणून तिचे नाव चिमणी. पण तबेल्यात जागा आठच घोड्यांची, आणि एक नवा घोडा यायचा होता. उस्तादांनी स्पष्ट सांगितले, "दोन महिन्यांत हिला उडी जमली तर राहील. नाही तर दुसरीकडे द्यावी लागेल. आणि तू रडू नकोस, मला बघवत नाही."

चिमणी उडी मारायची, पण पाय पुरते उचलायची नाही. दर वेळी मी खाली. दर वेळी ताई खोगिरावरून उतरणार, मला उचलणार, पुन्हा चढणार. दहाव्या खेपेला तिचा धीर सुटला. "हा पडतो हे कळलंय हिला, म्हणून लाडात आलीय," असे पुटपुटत तिने गवताच्या भाऱ्याची सुतळी आणली आणि माझी दोन्ही टोके खांबांना घट्ट बांधली. मी ओरडलो असतो, पण लाकडाला तोंड कुठले?

चिमणी दुडकत आली. तिचे पाय माझ्यावर आदळले आणि मी जागचा हललो नाही. ती गुडघ्यांवर कोसळली. ताई तिच्या मानेवरून पलीकडे गेली. ताईचे कोपर खरचटले, चिमणीचा गुडघा सोलवटला. मित्रांनो, मी हजार वेळा पडलो असेन. पण न पडल्याची ती एकच वेळ मला अजून सलते.

त्यानंतर मी नुसता जमिनीवर असलो तरी चिमणी दहा हात लांबून वळायची. उस्ताद रागावले नाहीत, आणि त्याचेच ताईला जास्त लागले. त्यांनी सुतळी कापून तिच्या हातात दिली. "तिला वाटतंय, हा दांडा आपल्याला अडकवतो. आता तसं नाही, हे तूच तिला पटवून दे. खोगीर नको, लगाम नको."

महिनाच उरला होता. ताई रोज दुपारी मला रिंगणाच्या मधोमध ठेवी आणि माझ्यावर बसून डबा खाई. चिमणी मोकळी. पहिले काही दिवस ती आमच्याकडे पाठ करून कुंपणाशी उभी राहिली. असा रुसवा मी माणसांतही पाहिला नाही. मग कान इकडे वळले. मग चार पावले. अकराव्या दिवशी गाजराच्या वासाने ती अगदी जवळ आली. ताई हळूच उठली. चिमणीने मला हुंगले आणि नाकाने ढकलले. मी गडगडलो! ती दचकून मागे सरली, पुन्हा आली, पुन्हा ढकलले. मग तिला चाळाच लागला. ढकलत ढकलत तिने मला पार कुंपणापर्यंत नेले. माझा निम्मा रंग गेला तो तेव्हाच, पण तक्रार कोण करतो?

"बाबा, बघा, ती दांड्याशी खेळतेय!" ताई ओरडली आणि चक्क रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चिमणीने मला चालत ओलांडले. मग दुडकत. मग मी दोन विटांवर चढलो, मग पुन्हा खोबणीत. मुदतीच्या आदल्या दिवशी ताई खोगिरावर बसली. पहिल्या उडीला चिमणीचा खूर मला लागला आणि मी पडलो. इतक्या आनंदाने मी कधीच पडलो नव्हतो! चिमणीने कान टवकारले, पण ती पळाली नाही. ताईने तिची मान थोपटली, उतरून मला उचलले आणि तिला पुन्हा वळवले. या वेळी पाय पोटाशी घेऊन ती अशी गेली, की मला फक्त वारा लागला.

उस्ताद डोके खाजवत म्हणाले, "म्हणजे नव्या घोड्यासाठी छप्पर वाढवावं लागणार तर."

आता मला एका टोकाला चीर गेली आहे. उंच उड्यांसाठी नवे दांडे आले आहेत. मी फक्त शिकाऊ घोड्यांपुरता. कधी कधी मला बाहेरच विसरतात आणि अंगात ओल चढते. मित्रांनो, काम झाले की मला छपराखाली न्या, एवढेच मागणे. आणि कुणाला काही शिकवताना तुमचा धीर सुटला, तर आधी हातातली सुतळी खाली ठेवा.

काल चिमणीची नात पहिल्यांदा उडीला आली. ताईचे केस आता पिकले आहेत. मला खोबणीत ठेवल्यावर तिने माझ्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवले. तिथे काही नसते, तरी ती दर वेळी फिरवते. मग हळूच म्हणाली, "पडशील ना रे?"

पडेन गं ताई. कितीही वेळा.