पाठ केलेली अकरा मिनिटं

दातांच्या डॉक्टरने माझा वरचा पुढचा दात चिमटीत धरून हलवला आणि विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

तोंडात त्याची दोन बोटं. मी म्हटलं, "हॅक्होहोन."

बोटं काढल्यावर नीट सांगितलं. सॅक्सोफोन वाजवते. तो खूश झाला. लोक आधी खूश होतातच. मग विचारलं, कुठली गाणी वाजवता? मी सांगितलं, गाणी नाही, त्या वेळी सुचेल ते. कधी एकाच फुंकेत दोन स्वर, कधी नुसताच वारा, कधी किंचाळी. त्याचा चेहरा पडला. तोही पडतोच.

"मग दात नसला तरी चालेल की," तो म्हणाला.

विनोद होता तो. मला हसू आलं नाही. सॅक्सोफोनचं माउथपीस वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकतं. खालून ओठ, वरून दात, आणि त्या चिमटीत आमचा सगळा संसार. दाताने जरा जरी मागे सरायचं ठरवलं तर फुंक जागेवरून हलते आणि स्वर फाटतो. गेले दोन महिने माझे स्वर फाटत होते. मी रीडना, म्हणजे माउथपीसवरच्या वेताच्या पातळ पट्ट्यांना, शिव्या घालत होते, एकामागून एक बदलत होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

"मुळाशी हाडच राहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "काढावा लागेल. मग जखम भरेल, मग स्क्रू, मग नवा दात. आठ महिने धरा."

"नऊ दिवसांनी माझा कार्यक्रम आहे."

"करा की. फक्त त्या दातावर जोर देऊ नका."

पाण्यात उतरा पण भिजू नका, त्यातला प्रकार. त्याचे आभार मानून मी बाहेर पडले आणि रस्त्यावर उभी राहून जिभेने दात हलवत बसले. ही सवय मला पुढे नऊ दिवस पुरली.

आमचं त्रिकूट सव्वीस वर्षांचं. ड्रमवर माझा सख्खा मोठा भाऊ. मोठ्या बेसवर, म्हणजे माणसाएवढ्या खर्जाच्या तंतुवाद्यावर, मास्तर, जे सकाळी शाळेत गणित शिकवतात आणि संध्याकाळी गणिताचा सूड घेतात. आणि पुढे मी. या वाजवण्यावर आमच्यापैकी कोणाचंच पोट भरलेलं नाही. मी मुलांना शिकवते आणि मिळेल ते काम घेते. एका तेलाच्या जाहिरातीत दार करकरतं, ती करकर माझी आहे.

पण त्रिकुटात दादाचा नियम चालतो आणि तो एकच आहे: एकदा वाजवलं ते संपलं. तालीम नाही, आधी ठरवणं नाही, आणि आपलीच रेकॉर्डिंग ऐकणं तर अजिबात नाही. "ऐकलंस की पुन्हा तसंच वाजवावंसं वाटतं," तो म्हणायचा, "आणि ते वाजवणं नाही, ती नक्कल." मी अठ्ठाविसाव्या वर्षी एका कार्यक्रमात आदल्या दिवशी जमलेला एक तुकडा पुन्हा वाजवला होता, तेव्हा त्याने तिथल्या तिथे काठ्या खाली ठेवल्या होत्या. त्याच दिवशी मी कानाला खडा लावला.

आता दादा त्रेसष्ट वर्षांचा आहे. त्याची दोन्ही मनगटं सुजतात. वर्षअखेरपर्यंत वाजवणं बंद करायचं, असं त्याच्या डॉक्टरने बजावलंय. म्हणून हा रविवार. एका छोट्या नाट्यगृहात दुपारचा कार्यक्रम, त्याचं रेकॉर्डिंग, त्याची तबकडी निघणार. चौदा वर्षांनी पहिली आणि आम्हा तिघांची शेवटची. दाताचं सांगितलं असतं तर दादाने एका वाक्यात कार्यक्रम रद्द केला असता. मी त्याच्यापुढे दाताच्या कण्या केल्या असत्या तरी त्याने ऐकलं नसतं. आणि आठ महिन्यांनी माझा दात आला असता, पण तोवर त्याची मनगटं गेली असती. म्हणून मी सांगितलं नाही.

निदान तेव्हा तरी मी स्वतःला हेच कारण दिलं होतं.

घरी मागच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं टाकून मी वाजवते. कपड्यांत आवाज मुरतो. तिथे मी सगळे उपाय केले. माउथपीसवर रबराची चकती चिकटवली. वरचा ओठ दातावर दुमडून घेतला. आवाज यायचा, पण तो माझ्या ओळखीचा आवाज असायचा. जे हाताखालचं होतं तेवढं यायचं. नवीन काही शोधायला गेलं की दात हलायचा आणि मी घाबरून मागे यायचे. सुचेल ते वाजवायचं म्हणजे चुकायची हिंमत लागते. ती हिंमत दाताच्या मुळाशी असते हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

मंगळवारी मी एक जुनी कॅसेट काढली. एकोणीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम. कोणीतरी टेप करून दिला होता आणि ती कॅसेट नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात खणात पडून होती. त्या दिवशी माझा खालचा ओठ फाटला होता, म्हणून मी सगळं खालच्या स्वरांत, हलक्या दाबाने वाजवलं होतं. अकरा मिनिटं. इतकं चांगलं मी त्याआधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही. आणि त्यातल्या एकाही स्वराला दाताचा जोर लागत नव्हता.

आधी म्हटलं, नुसतं ऐकूया. मग म्हटलं, सुरुवात बसवून बघूया. शनिवारपर्यंत अकराच्या अकरा मिनिटं श्वासासकट बसली होती.

नवऱ्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. सव्वीस वर्षं तो माझं वाजवणं चालू असताना पेपर वाचत आलाय. शनिवारी सकाळी तो भांडी पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होता. मी हातातला कप खाली ठेवला. ते माझं होतं.

"अगं, पहिल्यांदाच तुझं काहीतरी मला पाठ झालं," तो कौतुकाने म्हणाला. "असंच वाजवत जा ना. लोकांना आवडेल."

मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं.

रविवारी बारा वाजता आम्ही तिघं नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत जमलो. कार्यक्रमाआधी एकत्र बसायचं आणि संगीत सोडून सगळ्यावर बोलायचं, ही आमची रीत. मास्तर त्यांच्या शाळेतल्या गळक्या छपराबद्दल बोलले. दादाने केळी आणली होती. केळ्याचं साल काढायला त्याला दोन्ही हात लागत होते. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि सोलून दिलं.

"गप्प का गं, चिमे?" त्याने विचारलं. लहानपणी मी एका जागी बसत नसे, तेव्हापासून मी चिमी.

"कुठे काय."

"दुखतंय का काही?"

तो त्याची मनगटं चोळत मला विचारत होता. सांगावं, असं अगदी ओठावर आलं. पण मी म्हणाले, "तुझंच बघ आधी." तो हसला आणि केळं खाऊ लागला. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी मनात सुरुवातीचा स्वर घोकत होते.

तीन वाजता पडदा उघडला. ऐंशी-नव्वद माणसं, म्हणजे आमच्या मानाने जत्राच. मी पुढे, पाठ दादाकडे. नेहमीसारखंच.

मी सुरू केलं. खालचा स्वर, हवा जास्त, आवाज कमी. दात गप्प राहिला. दुसऱ्या मिनिटाला मास्तर आले, त्यांना जे सुचलं ते घेऊन. त्या जुन्या कार्यक्रमाला मास्तर आले नव्हते, बेसवर बदली माणूस होता, त्यामुळे मास्तरांना काही कळायचं कारण नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला दादाची झांज हलकेच वाजली. मला हायसं वाटलं. माझ्या बोटांना पुढचं सगळं माहीत होतं. मी समोरच्या माणसांचे चेहरे बघत होते, जे मी एरवी कधीच करत नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले होते.

सातव्या मिनिटाच्या शेवटी मी जिभेने रीडवर एक टकटक वाजवते. सुकी, वेडीवाकडी टकटक. घरी ती बसवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला होता. तिच्यासाठी मी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी माझ्या मागे दादाच्या हातून काठी पडली. लाकडी फळ्यांवर खडखडत, घरंगळत गेली. पाठोपाठ माझी टकटक आली.

लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, काय जागच्या जागी उत्तर दिलं बाईने!

मी वाजवत राहिले. एकोणीस वर्षांपूर्वीही याच जागी दादाच्या हातून काठी निसटली होती. टकटक हे माझं त्या काठीला दिलेलं उत्तर होतं. घरी कॅसेट ऐकताना ती खडखड मी ऐकली होती आणि पाठ करताना वगळली होती, कारण ती माझी नव्हती. मी नुसतं उत्तर पाठ केलं होतं. आज काठी पडली नसती, तर माझी टकटक आभाळातून पडल्यासारखी उघडी पडली असती.

ती निसटली नव्हती. त्याने टाकली होती.

उरलेली चार मिनिटं दादाने मला एका जागीही एकटं सोडलं नाही. जिथे तेव्हा झांज होती तिथे झांज, जिथे तो तेव्हा थांबला होता तिथे थांबला. जी कॅसेट त्याने आयुष्यात ऐकली नाही ती त्याला माझ्यापेक्षा नीट आठवत होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला मागे वळून बघायची छाती झाली नाही.

दादाच्या मनगटांना आराम म्हणून पहिल्या तुकड्यानंतरच मध्यंतर होतं. रेकॉर्डिंगवाला धावत आला. "हीच पहिली बाजू! हात लावायचा नाही याला!" मास्तर त्याच्याबरोबर चहाला गेले. खोलीत आम्ही दोघं उरलो. दादा बादलीतल्या थंड पाण्यात मनगटं बुडवून बसला होता.

"दात ना?" तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"रबर चिकटवलंयस. आणि जीभ सारखी तिथेच जाते तुझी." त्याने मनगटं पाण्यातच फिरवली. "तेव्हा ओठ फाटला होता, तर आल्या आल्या सांगितलं होतंस."

"तू रद्द केलं असतंस."

"नसतं केलं."

"दादा, हे शेवटचं आहे. मला वाटलं, वाईट नको व्हायला."

"झालं असतं वाईट. तू फाटकं वाजवलं असतंस आणि मी मागून धरलं असतं. सव्वीस वर्षं मी मागे बसून दुसरं काय करतोय?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आज मला कामच नव्हतं, चिमे. तू तुझ्या त्या टेपबरोबर वाजवत होतीस. मी एकटा बसलो होतो तिथे."

मला रडू आलं. त्याने ओल्या हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली, आणि रडू आणखी वाढलं.

"पुसून टाकायला सांगते मी त्याला," मी म्हणाले. "मास्तरांनाही सांगते."

"ते तू बघ. दुसरा भाग आम्ही दोघं वाजवतो. तू दात सांभाळ."

मी डोळे पुसले आणि त्याच्या मागोमाग निघाले.

पडद्याआड एका खुर्चीवर मी सॅक्सोफोन गळ्यात अडकवून बसले. तिथून दादा बाजूने दिसत होता. सव्वीस वर्षांत मी त्याला वाजवताना असं कधी बघितलं नव्हतं. माझी कायम पाठ. जोराचा ठोका द्यायच्या आधी तो डोळे घट्ट मिटून घेतो. दुखत असणार. कधीपासून दुखत होतं, देव जाणे.

दोघांनी बरंच वाजवलं. मग मास्तर थांबले. मग दादाही थांबला. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि माझ्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. पडद्याकडे त्याने बघितलं नाही, मला खूण केली नाही. नुसता वाट बघत राहिला. सगळं नाट्यगृह शांत. मला कळत होतं ही शांतता कोणासाठी आहे. मी उठायला हवं होतं. माउथपीस तोंडाशी नेलं. दात हलला. काय वाजवू, असा विचार माझ्या मनात आला. कुठला स्वर सुरक्षित आहे, असा विचार आला. त्या नाट्यगृहासमोर फाटका आवाज निघाला तर काय, हाही आला.

मी उठले तेव्हा दादाने काठ्या उचलल्या होत्या. मी दोन पावलं टाकेपर्यंत त्याने वाजवायला सुरुवात केली. हळू, एका हाताने, मग दोन्ही हातांनी. मला शिरायला त्यात कुठेही फट नव्हती.