अर्ध्या इंचाची खोड

मी एक मोजपट्टी बोलते आहे. साठ इंचांची, मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळी टोपी असलेली. मापाच्या वस्तूने आपला दोष आधी सांगावा, म्हणून सांगते: मी आता खरी साठ इंचांची उरलेली नाही. चौदा वर्षांच्या ओढाताणीत मी सैलावले. माझ्यावर चाळीस इंच मोजले, तर कापड प्रत्यक्षात साडेचाळीस भरते.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी नवीकोरी आले आणि बाईंच्या गळ्यात पडले. बाई तिथल्या कटर. मापे कागदावर लिहून येत. ती खडूने कापडावर उतरवायची आणि ते कापायचे, हे त्यांचे काम. मी सैलावते आहे, हे सर्वांआधी त्यांनीच ओळखले. पण मला टाकून न देता त्या चाळिसाच्या खुणेआधी अर्धा इंच थांबू लागल्या. पुढे पुढे हे थांबणे त्यांच्या लक्षातही येत नसे. अंगठा आपोआप मागे सरे. घरातल्या जुन्या माणसाचे बोलणे लोक असेच थोडे वजा करून ऐकतात, असे मला वाटते.

मग मालकांनी कारखाना बंद केला. बाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

“या वयात तुला कोण कामावर ठेवणार?” त्यांचे यजमान म्हणाले. “मीच ठेवतो, चहा करायला.”

“तुमच्याकडे बढती नाही. आणि चहा तुम्हीच बरा करता. ठेवा आधण.”

“अगं, पण भागतंय की आपलं!”

“भागतंय हो. पण सकाळी उठल्यावर या हातांना काय सांगू?”

यजमान उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी आधण ठेवले.

बाईंनी काम शोधले तेही कापड बेतावे तसे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी सात कारखान्यांची यादी केली: गुडघ्याला झेपेल एवढ्याच अंतरावरचे, आणि जिथे कापणारा माणूस अजून लागतो असेच. सकाळी ऑर्डरची घाई, संध्याकाळी माल पाठवायची; म्हणून जायचे ते दुपारी तीनला. यादीच्या वर ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘कात्री हातात देतील तिथेच.’

पहिल्या ठिकाणी वय ऐकताच साहेबांना एकाएकी महत्त्वाचा फोन आठवला. दुसऱ्या ठिकाणी त्यांना धागे कातरायला बसा म्हणाले. बाईंनी नम्रपणे नकार दिला आणि घरी येईपर्यंत मला पिशवीत घट्ट मुठीत धरून ठेवले. तिसरा कारखाना बंद होता. चौथ्याने ‘कळवतो’ म्हटले.

पाचव्या ठिकाणी दवाखान्यांचे कोट शिवले जात. तिथला सुपरवायझर बाईंच्या मुलाच्या वयाचा होता. तो म्हणाला, “मावशी, कापून दाखवा. फक्त बाहेरची टेप इथे चालत नाही. प्रत्येक टेबलावर आमचीच.”

मी पिशवीत गेले. कात्रीचा आवाज ऐकत राहिले. तोच आवाज, एका दमात जाणारा. नंतर कापलेल्या तुकड्यावर पट्टी सरकल्याची सळसळ झाली.

“मावशी, लांबी चाळीस सांगितली होती. हे साडेएकोणचाळीस भरतंय.”

बाईंनी पुन्हा मोजले. मग त्यांनी मला बाहेर काढले आणि त्या नव्या पट्टीशेजारी टेबलावर सरळ पसरले. माझी चाळिसाची खूण तिच्या खुणेच्या पुढे गेलेली सर्वांना दिसली. इतकी उघडी मी कधी पडले नव्हते.

“हाताला हिची सवय आहे,” बाई म्हणाल्या. “हात तिथंच थांबला.”

“इतकी वर्षं टेप बदलली नाहीत?”

“हिची खोड मला ठाऊक होती. पण तुमचं कापड वाया गेलं, ती चूक माझीच. आठ दिवस द्या.”

सुपरवायझरने तो तुकडा उलटसुलट पाहिला. धार कुठेही दातेरी नव्हती. “सोमवारी या,” तो म्हणाला. “पण हिला आणू नका.”

वाटेत बाईंनी नवी मोजपट्टी घेतली. रोज दुपारी त्या जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरून नव्या पट्टीने मोजत आणि कापत. यजमान मोठ्या पट्टीने तपासत आणि परीक्षकाच्या थाटात निकाल सांगत. पहिल्या दिवशी सगळे कागद आखूड निघाले. तिसऱ्या दिवशी निम्मे. खुर्चीच्या पाठीवरून मी पाहत होते, त्या अंगठ्यातून मी रोज थोडीथोडी पुसली जात होते. रविवारी एकही कागद आखूड नव्हता.

“सुटलीस!” यजमान म्हणाले. बाई हसल्या. त्यांनी मला गुंडाळले, दोन बोटांनी जरा दाबून धरले आणि बटणांच्या डब्यात ठेवले.

त्यांना काम मिळाले. आता संध्याकाळी त्या येतात तेव्हा चालण्यात थकवा असतो आणि आवाजात पूर्वीची खणखण असते. डब्याचे झाकण नीट बसत नाही, म्हणून मला सारे ऐकू येते.

वाचकहो, बाईंच्या हाताने मला पूर्ण विसरावे, अशी सदिच्छा माझ्यासाठी तुम्हीही व्यक्त करा. त्या हाताला मी आठवले, तर एखादा कोट अर्ध्या इंचाने आखूड होईल आणि बाई पुन्हा घरी बसतील. ते मला नको आहे. तरीही एखाद्या सुटीच्या दुपारी, कापायचे काहीच नसताना, त्या बोटांनी मला उलगडावे आणि चाळिसाच्या खुणेआधी क्षणभर थांबावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.